पाच पोरी, पंचवीस कोच

जानेवारीतला रविवार. या दिवसांत ग्वाल्हेरला सकाळी असं धुकं पडतं की किल्ला जागेवर आहे की नाही, याचीही खात्री देता येत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच आठला होती. सिमेंटचं कोर्ट दवाने ओलं, म्हणून ती सुरू व्हायला पावणेदहा झाले. तोवर आम्ही पालकांनी थर्मासमधला चहा आणि कुणीतरी आणलेली मुरैन्याची गजक संपवली आणि एकमेकांच्या मुलींचं तोंडभर कौतुकही केलं. तासाभराने हीच माणसं ओळखू येईनात.

शेवटचं मिनिट चालू होतं आणि आमच्या मुली एका गुणाने मागे होत्या. बॉल नऊ नंबरच्या मुलीकडे होता. जेमतेम साडेबारा वर्षांची पोर, जर्सी जवळजवळ गुडघ्यापर्यंत. ती उजवीकडून आत शिरली. बाकावरून कोच ओरडले, "पास दे!" तिचे वडील उठून उभे राहिले, "शूट कर, शूट!" मागून कुणाचे तरी आजोबा, "टाइम देखो, टाइम!" आणखी कुणी, "नीचे, रिंग के नीचे!" मी पण ओरडले, "डावीकडे बघ, डावीकडे!" डावीकडे माझी लेक मोकळी उभी होती, हे वेगळं सांगायला नको.

पोरीने ड्रिबल, म्हणजे बॉलचे टप्पे पाडणं, थांबवलं, बॉल दोन्ही हातांत धरला आणि आधी बाकाकडे, मग गॅलरीकडे पाहिलं. तेवढ्यात पाय सरकला. शिट्टी वाजली, ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात धरून पाय हलवल्याची चूक. बॉल गेला, मॅच गेली. कोचनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भेजा घर पे रखके आई है क्या?" तिचे वडील खाली बसले आणि मोबाइलमध्ये बघू लागले.

घरी आल्यावर मी मनात मोजलं. पाच-सहा सेकंदांत त्या मुलीला किमान पाच सूचना मिळाल्या होत्या. त्यांतली एकही चूक नव्हती. पास देता आला असता, शूटही करता आलं असतं, घड्याळाकडे लक्ष हवंच होतं. पाचही माणसं आपापल्या जागी बरोबर होती. चुकली ती एकटी पोर, कारण पाच बरोबर गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत.

मी जीवाजी विद्यापीठाच्या संघातून दोन वर्षं खेळले आहे. तेव्हा 'खेळ कळत नाही हो आम्हाला' ही सबब मला नाही. खेळ कळतो म्हणूनच मी जास्त ओरडते, आणि ज्यांना कळतो त्या पालकांचा त्रास मुलांना सगळ्यांत जास्त होतो, असं माझं आता मत झालं आहे. ज्यांना कळत नाही ते निदान नुसत्या टाळ्या वाजवतात.

क्रिकेटमध्ये आईबाप सीमारेषेपलीकडे असतात. खेळपट्टीवरच्या मुलाला त्यांचं बोलणं ऐकू गेलंच तर वाऱ्यावर येणाऱ्या कुजबुजीइतकं. बास्केटबॉलचं कोर्ट अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद. बाजूची रेषा आणि पहिली खुर्ची यांच्यात दोन पावलं. हल्ल्याला चोवीस सेकंद, रिंगजवळच्या पट्ट्यात उभं राहायला तीन. विचार करून मग करावं, असा हा खेळच नाही. दिसलं की करायचं. त्या अर्ध्या सेकंदात कानात जो शब्द पडतो तो डोळ्यांना दिसलेलं पुसून टाकतो. लेकीला एकदा मी विचारलं की माझं ओरडणं ऐकू येतं का. ती म्हणाली, "येतं ना. तू सांगतेस ते बरोबर पण असतं. पण मग मला बॉल ऐकू येत नाही." खेळलेल्या माणसाला हे वाक्य लगेच कळेल. ड्रिबलचा ठेका कानाला लागलेला असतो म्हणून तर मान वर करून खेळता येतं.

आता कोचकडे येऊ. कोच मुलींवर ओरडतात, अशी तक्रार आम्ही पालक आपापसांत नेहमी करतो. नीट पाहिलं तर त्यांचं तोंड मुलींकडे असतं आणि कान गॅलरीकडे. क्लबातल्या कोचचं पोट दर महिन्याच्या फीवर चालतं. चार मुली सोडून गेल्या तर त्याच्या घरचा किराणा हलतो. आणि फी भरणाऱ्याला दिसतं काय? सराव दिसत नाही, मुलीच्या पायांत आलेली चपळाई दिसत नाही. मॅचच्या दिवशी रेषेवर येरझारा घालणारा, घसा बसलेला माणूस दिसतो. 'सर मेहनत घेतात' असं आपण ज्याला म्हणतो, तो बहुतेक वेळा नुसता घामाघूम झालेला असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक शांत सर होते. मॅचमध्ये वही घेऊन बसायचे. एखादीने घोळ घातला की तिला बदलून शेजारी बसवायचे आणि विचारायचे, "तुला तिथून काय दिसलं?" ती सांगायची. ते वहीत काहीतरी खुणा करायचे आणि दोन मिनिटांनी तिला परत आत पाठवायचे. बस, एवढंच. मुली त्यांच्याकडे हसत जायच्या. पालकांचं म्हणणं मात्र ठरलेलं: "सर माणूस म्हणून चांगले आहेत हो, पण ढिले आहेत." एक स्पर्धा हरलो आणि चार महिन्यांत आठ मुली दुसऱ्या क्लबात गेल्या. तिथले सर 'कडक' होते. त्या आठांत एक माझी होती. शांत सर आता एका शाळेत पीटी घेतात, आणि आम्ही कडक सरांच्या ओरडण्याबद्दल कुरकुरतो. जे मागितलं तेच मिळालं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. पालक आणि कोच ही दोन वेगळी दुखणी नाहीत. गिऱ्हाइकाला आवाज हवा असतो, म्हणून दुकानदार आवाज विकतो. कोचला चार नियम शिकवून किंवा पालकांना चार उपदेश करून हे सुटायचं नाही. ओरडणाऱ्याला मिळणारी किंमत कमी व्हायला हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: शिस्तीशिवाय खेळाडू घडत नाही. अगदी खरं. पण शिस्त म्हणजे काय? साडेपाचचा सराव म्हणजे साडेपाच. उशिरा आलेली मुलगी कुणाचीही असो, त्या दिवशी पहिल्या पाचांत नाही. डाव्या हाताचे शंभर ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकलेले बॉल, म्हणजे शंभरच, ब्याण्णव नाही. शांत सरांकडे हे सगळं होतं. आवाज चढवण्याची गरज ज्याच्या नियमाला वजन नसतं त्याला पडते.

दुसरा आक्षेप खास ग्वाल्हेरचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही मराठी घरात विषय काढा, कुणीतरी गाण्याचं घराणं मध्ये आणतंच. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ साली इथे गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे शिकलेले आजोबा, नाहीतर आजोबांचे मित्र, घरोघरी निघतात. 'गुरुजींचा मार खाल्ला म्हणून सूर लागला' ही त्यांची गोष्ट आपण कौतुकाने ऐकत मोठे झालो. मार खाल्ल्यामुळे लागला की मार खाऊनही लागला, हे कुणी विचारत नाही. ज्यांनी मार खाऊन गाणं सोडलं ते गोष्ट सांगायला बैठकीत नसतात. पण तेही सोडा. गुरुजी रागावत ते तालमीच्या खोलीत. डिसेंबरात तानसेन समारोहाला जाऊन बघा. एखादा तरुण गायक समाधीपाशी मंडपात बसला आहे, थंडीने गळा साथ देत नाही, तान घसरते. समोर अर्धं शहर बसलेलं, त्यात निम्मे स्वतःला जाणकार समजणारे. पाचव्या रांगेतून कुणी 'अरे, कोमल गंधार लाव!' म्हणून ओरडतो का? त्याचे गुरू तिथेच असतील तर तेही खाली मान घालून बसतात. जे शिकवायचं ते शिकवून झालं, आता त्याचं गाणं त्याचं, एवढी समज या शहराला आहे. ती मंडपातून कोर्टापर्यंत का येत नाही, हे मला कळत नाही.

गंमत म्हणजे बास्केटबॉलला ही समज एकेकाळी होती. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएतल्या जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने पीचच्या टोपल्या टांगून, तेरा नियम लिहून हा खेळ सुरू केला. पुढे तो कॅन्सस विद्यापीठाचा कोच झाला. ५५ सामने जिंकला, ६० हरला. त्या विद्यापीठाच्या सगळ्या कोचांमध्ये जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला हा एकटाच, आणि खेळ त्यानेच शोधलेला! आमच्या क्लबात असता तर पालकांनी त्याला एका हंगामात घरी पाठवला असता. १९१०-११च्या हंगामात अमेरिकेतल्या नियमांत असं आलं की सामना चालू असताना कुणीही बाहेरून कोचिंग करायचं नाही. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा समोरच्या संघाला फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रिंगवर बॉल टाकायची संधी. टाइम-आउटमध्ये, म्हणजे संघाने मागून घेतलेल्या छोट्या थांब्यात, खेळाडूंशी बोलायची मुभा कोचना १९४८-४९मध्ये मिळाली. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं कोच बाकावर बसून नुसते बघत होते, आणि खेळ काही मेला नाही.

तो नियम आज परत आणा, असं मी म्हणत नाही. आजच्या नियमांत बोलायला भरपूर जागा आहे. पहिल्या अर्ध्यात दोन टाइम-आउट, दुसऱ्या अर्ध्यात तीन. शिवाय चार क्वार्टरांमधल्या तीन सुट्ट्या. जो कोच या आठ वेळांत सांगायचं ते सांगू शकत नाही, तो चाळीस मिनिटं ओरडूनही सांगू शकणार नाही.

मग पालक एवढे जिवावर उदार होऊन का ओरडतात? त्याचं एक उत्तर प्रेम आहे, पण ते अर्धंच. दुसरं उत्तर फायलीत असतं. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. त्यांतून राज्य, राष्ट्रीय पातळीवर गेलं की प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्रावर कॉलेजात कोटा, पुढे रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरीची आशा. मध्यमवर्गीय मराठी घराला ही भाषा चटकन कळते. त्यामुळे गॅलरीतला बाप मॅच बघत नसतो, तो गुंतवणूक बघत असतो. याच आशेपायी दोन-दोन जन्मदाखले निघतात. वय चोरण्याविरुद्ध केंद्र सरकारला २०१०मध्ये राष्ट्रीय संहिता काढावी लागली. बारा वर्षांच्या पोराने स्वतःचा जन्मदाखला बदलून आणलेला मी तरी ऐकलेला नाही.

आणि गुंतवणूक कशात? भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, १९८०ला मॉस्कोत, तेही बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या म्हणून. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडला गेलेला पहिला भारतीय सतनामसिंग, २०१५ साली, बावन्नाव्या क्रमांकावर; आणि त्याची उंची सात फुटांच्या वर. आमच्या घरात सगळ्यांत उंच माणूस पाच फूट नऊ इंच आहे. या खेळातून आपल्या मुलींना खरोखर मिळण्यासारखं काय आहे, तर चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीही संध्याकाळी बूट बांधून कोर्टावर जावंसं वाटणं. पण आमच्या चौदाखालच्या संघातल्या निम्म्या मुली नववीत गेल्या की खेळ सोडतात. कारण म्हणून बोर्डाची परीक्षा सांगितली जाते. मी दोघींना विचारलं. एकीने खरंच क्लासचं वेळापत्रक सांगितलं. दुसरी म्हणाली, "मॅचच्या आदल्या रात्री पोटात दुखतं, काकू."

सगळ्यांत वाईट असतो तो परतीचा रस्ता. फूलबागेपासून जीवाजीगंजपर्यंत स्कूटरवर पंधरा मिनिटं. मी पुढे, लेक मागे. तिचं तोंड मला दिसत नाही, आणि म्हणूनच बहुधा मी एवढं बोलू शकते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तू तिला मोकळं का सोडलंस, फ्री थ्रोला गुडघा वाकत नाही तुझा, सर काय सांगत होते, लक्ष कुठे असतं. मागून नुसतं 'हं'. आधी ती माझ्या पाठीला टेकून बसायची. एका रविवारी लक्षात आलं की ती मागची दांडी धरून बसते आहे, आमच्यात वीतभर अंतर ठेवून. हे कधीपासून चाललं होतं, मला सांगता येणार नाही.

रेफरींविषयी थोडंच लिहिते, कारण लाज वाटते. आमच्याकडे स्थानिक स्पर्धांत शिट्टी घेऊन उभी असतात ती बहुतेक कॉलेजातली मुलं, एकोणीस-वीस वर्षांची, जेवण आणि थोड्याशा भत्त्यावर दिवसभर पळणारी. त्यांना सभ्य घरांतली माणसं जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. दोन हंगामांत ती मुलं शिट्टी ठेवून देतात. मग पुढच्या वर्षी 'रेफरी चांगले मिळत नाहीत' म्हणून रडायला आम्ही मोकळे.

कायद्याचंही एक विचित्र कोडं आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे २००९च्या कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. वर्गात बाईंनी मुलीला 'भेजा घरी ठेवून आलीस का' विचारलं तर आम्ही दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतो. तीच मुलगी संध्याकाळी दीड किलोमीटरवर क्लबात तेच वाक्य ऐकते आणि आम्ही फीची पावती नीट जपून ठेवतो. क्लबात तक्रार ऐकायला कोचखेरीज दुसरं माणूसच नसतं, हेही आहेच.

नॉर्वेचं उदाहरण दिलं की लोक हसतात, 'कुठे नॉर्वे, कुठे ग्वाल्हेर' म्हणून. तरी देते. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७मध्ये मुलांच्या खेळांसाठी नियम केले. अकरा वर्षांच्या आधी निकालांचे तक्ते आणि क्रमवारी नाही, तेरा वर्षांच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. जेमतेम पंचावन्न लाखांचा देश. २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी १६ सुवर्णपदकं नेली, एवढी सुवर्णपदकं एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोवर कुणीच जिंकली नव्हती. केवळ तक्ते न लावल्यामुळे पदकं मिळाली, असा दावा मी करणार नाही; बर्फ आणि पैसा दोन्ही त्यांच्याकडे आहेत. पण लहानपणी गुण न मोजल्याने खेळाडू मऊ पडतात, हे तरी यापुढे कुणी सांगू नये.

ग्वाल्हेरला तर सबबच नाही. १९५७पासून लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था या गावात आहे, देशभरात व्यायामशिक्षक आणि कोच इथून शिकून जातात. क्रीडा मानसशास्त्र तिथे रीतसर अभ्यासाला असतं. तिथे शिकलेलं पोरगं क्लबात आलं की सहा महिन्यांत ओरडायला लागतं, कारण आम्ही त्याला तेच शिकवतो. संस्थेतल्या एखाद्या प्राध्यापकाला वर्षातून दोनदा पालकांसमोर बसवणं क्लबांना अवघड नाही. मुलांसमोर नको, त्यांना हे सगळं माहीत आहे.

आमच्या क्लबापुरत्या तीन गोष्टी मी मार्चमध्ये सभेत मांडल्या. बाराखालच्या गटात प्रत्येक मुलीला किमान एक पूर्ण क्वार्टर, मग ती कुणाचीही का असेना. तक्रार ऐकायला कोचशी पैशाचा संबंध नसलेली एक बाई. आणि महिन्यातून एक मॅच अशी की गॅलरीने फक्त टाळ्या वाजवायच्या, शब्द नाही. पहिल्या दोनवर 'बघू' झालं. तिसरीवर नऊ नंबरचे वडील म्हणाले, "मग आम्ही यायचं कशाला?" लोक हसले. मला मात्र तो प्रश्न प्रामाणिक वाटला, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

तरी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तशी एक मॅच झाली. उन्हाच्या आत उरकावी म्हणून सकाळी सहाला. पहिली पाच मिनिटं फार चमत्कारिक गेली. बुटांचा घासल्याचा आवाज आणि बॉल, एवढंच. मग आतून आवाज यायला लागले. "माझी, माझी!" "स्विच!" "पीछे स्क्रीन है!" डिफेन्समध्ये एकमेकींशी बोलत राहा म्हणून कोच वर्षभर घसा फोडत होते, आणि आपल्याच आवाजाखाली ते दाबत होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एका आजोबांना राहवलं नाही, ते ओरडलेच. कोर्टावरूनच त्यांच्या नातीने ओठांवर बोट ठेवलं.

नऊ नंबरचे वडील मात्र गॅलरीत दिसले नाहीत. शेवटच्या क्वार्टरमध्ये माझा फोन थरथरला. ते भिंतीपलीकडे स्कूटरवर बसले होते. आत राहिलो तर तोंड बंद राहणार नाही, म्हणाले. "स्कोअर किती झाला?" मी हाताचा आडोसा करून कुजबुजले, "बावीस-चोवीस."

"कुणाचे चोवीस?"

मला पाटीकडे बघावं लागलं.